दमानं येणारं पान

नांदूरघाटात आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या अंगाला घर. मधे एकच दार, दाराला जाड कापडाचा पडदा. दुकानात काय चाललंय हे घरात बसून ऐकू यायचं. घागर घुमायची, ताटं कर्कश वाजायची, डब्याचं झाकण बसलं की डबा खोल आवाज करायचा. या सगळ्यांवर चढणारा आवाज नाव टाकायच्या यंत्राचा होता. विजेवर चालणारं, जाड पेनासारखं ते यंत्र आप्पा मुठीत धरत आणि भांड्यावर नाव कोरत. टर्रर्र, थांब, टर्रर्र, थांब. काना-वेलांटीसाठी छोटी उसंत, अक्षर संपलं की मोठी. आई शाळेत कधी गेली नव्हती, पण स्वयंपाकघरात बसून ती नुसत्या आवाजावरून अक्षरं मोजायची. "लांबलचक हाय, म्हंजी कुणाच्या तरी स्मरणार्थ," असं ती म्हणायची आणि तसंच असायचं. लग्नाच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव, गाव, सगळं यायचं. लहान लेकराच्या वाटीवर मात्र नुसतं नाव. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, कारण वाटीवर जागाच नसते.

दुकानात एक पाटी होती: नाव टाकलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही. ही पाटी आप्पांनी स्वतः रंगवली होती आणि तिच्या बाबतीत ते देवाचंही ऐकत नसत. एकदा शेजारच्या गावचा एकजण लेकीचं लग्न मोडलं म्हणून पाच भांडी परत घेऊन आला. आप्पांनी ती उलटी-पालटी करून पाहिली. "नाव माज्या हातानं टाकलंय, आता खोडता येत न्हाई. धाकली पोरगी हाय का तुला?" "हाय की." "मग तिला दे. भाजी वाढताना कोण वाचत बसतंय बे?" तो माणूसही हसला आणि भांडी घेऊन गेला. अक्काच्या लग्नासाठी आप्पांनी सवडीने नाव टाकून ठेवलेली भांडी माळ्यावर होती. अक्का घर सोडून गेली तरी ती भांडी तिथेच राहिली. विकता येईनात, खोडता येईनात.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा. घरातला कॉम्प्युटर तिनेच आणला. अंबाजोगाईतल्या एका क्लासने जुनी यंत्रं काढली, त्यातलं एक तिने आप्पांच्या मागे लागून घेतलं. भांड्यांच्या दुकानात कॉम्प्युटर कशाला, असं गावातल्या प्रत्येकाने विचारलं. आप्पा म्हणत, "पोरीला इचारा." त्याला गल्ल्याशेजारी जागा दिली. एका बाजूला तांब्याच्या घागरी, दुसऱ्या बाजूला कुकर, आणि मधे पिवळट पडलेला तो डबा. धूळ बसू नये म्हणून आईने त्याला जुन्या इरकल लुगड्याची खोळ शिवली होती. गावात तेव्हा दोन एसटीडी बूथ होते आणि लोक फोनवर अजून ओरडून बोलायचे. आमच्याकडे फोनच्या तारेतून इंटरनेट आलं. जोडताना मोडेम किंचाळायचं, मग खरखरायचं, मग गप्प व्हायचं. आई म्हणायची, "मांजर दारात अडकल्यावानी करतंय."

अक्काने त्या वेळी फुकट मिळणाऱ्या जागेवर आमच्या दुकानाचं एक पान केलं. वर दुकानाचं नाव, खाली दुकानासमोर उभे असलेले आप्पा, त्याखाली भेट देणाऱ्यांचा आकडा. ब्राउझर उघडला की पहिल्यांदा तेच पान यावं अशी व्यवस्था तिने केली आणि ते कसं उघडायचं हे आप्पांना शिकवलं. हे बटण दाबायचं, मग फोनचं चित्र, आवाज थांबू द्यायचा, मग निळं ई. "आन् मंग?" "मग काही नाही आप्पा. बसायचं. ते दमानं येतं."

पुढच्या वर्षी अक्काने पुण्यात कोर्टात लग्न केलं. मुलगा आमच्यातला नव्हता. पत्र आलं, आप्पांनी ते वाचलं, घडी घालून गल्ल्यात ठेवलं आणि गिऱ्हाइकाला परात दाखवायला उठले. घरात आरडाओरडा झाला नाही. कोणी रडलं असेल तर मला दिसलं नाही. त्या संध्याकाळी आईने एक भाकरी कमी केली. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण लोक सांगतात की माणूस गेल्यावर घरातली बाई सवयीने त्याचं ताट वाढते. आमच्या आईने तसं एकदाही केलं नाही. हिशेब चुकला नाही तिचा. येसराची आमटी तीच, ठेचा तोच, भाकरी एक कमी. आप्पा एकदाच बोलले, "तिचं नाव या घरात न्हाई." आईने आणि मी मान हलवली, आणि नंतर ते खरंच अवघड गेलं नाही. अवघड जायला हवं होतं, एवढंच आज वाटतं. तेव्हा काहीच वाटत नव्हतं. पायाला मुंग्या आल्यावर तो आपलाच असतो, पण दाबला तरी कळत नाही, तसं दोन वर्षं चाललं होतं.

कॉम्प्युटर मग माझ्याकडे आला. मी पत्राने एक कोर्स करत होते आणि दुकानाच्या भावांच्या याद्या टाइप करत होते. याद्यांची मला लहानपणापासून आवड. आज मी एका कॉलेजात भांडारपाल आहे आणि खडूच्या पेट्यांपासून पंख्यांच्या पात्यांपर्यंत सगळं माझ्या वह्यांत आहे. सहकारी चेष्टा करतात की मॅडम झोपेतसुद्धा नग मोजतात. तर सांगायचं असं की, अक्काकडून आमच्या घरात येणारी एकच वाट उरली होती आणि ती मी स्वतःच्या हाताने बंद केली. चिडून नाही, कोणी सांगितलं म्हणूनही नाही. नीट यादी करून, एकेका कामापुढे बरोबरची खूण करत.

झालं असं की ब्राउझर बिघडला. बिघडला असं मला वाटलं. निळं ई दाबलं की खिडकी उघडायची, वर दुकानाचं नाव यायचं आणि तिथेच सगळं गोठायचं. वाळूचं घड्याळ फिरत राहायचं, आतली डिस्क करकरायची, माउसचा बाण हलायचा नाही. मी कधी वरची लाल फुली दाबायची, कधी तीन बटणं एकदम दाबून यंत्रच बंद करायची. दहाच्या दहा वेळा हे असंच. मी वेळा टिपून ठेवल्या होत्या, म्हणून सांगते. यंत्र जुनं होतं, त्याची मेमरी आजच्या साध्या फोनच्या पासंगालाही पुरणार नाही. पण आधी ते चालत होतं, मग आताच काय झालं? मी ठरवलं की व्हायरस आहे.

सोमवारी आप्पांचा उपास असायचा आणि दुकानात गर्दी कमी. त्या दिवशी मी एसटीने केजला गेले. तिथल्या कॉम्प्युटर क्लासचे सर ओळखीचे होते. टेबलावर कायम शेंगदाणे, आणि बोलताना ते शेंगदाणा उडवून तोंडात झेलत.

"व्हायरस वगैरे काय न्हाई," माझी वही वाचून सर म्हणाले. "तुजं यंत्र म्हातारं झालंय. म्हाताऱ्याच्या डोक्यावर येकदम पोतं दिलं तर त्ये बसणारच खाली. उघडल्या उघडल्या काय येतं त्याच्यावर?"

"दुकानाचं पान. आमच्या... पहिल्यांदा केलेलं."

"काढ ते. कोरं ठेव. दुकान तुमचंच हाय, रोज बघून काय मोठं व्हनार हाय का?" एक शेंगदाणा गेला. "आन् आधी सगळं काढून नव्यानं टाक. ही सीडी घे. ओरखडा पाडू नको, लगीन व्हायचंय तिचं अजून."

तिथे बसलेले दोघे विद्यार्थी हसले. मी सरांनी सांगितलेली प्रत्येक पायरी लिहून घेतली आणि त्यांना परत वाचून दाखवली. ते म्हणाले, "सरकारी नोकरीत जाशील तू." तेवढं त्यांचं खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम काढलं. माझा नियम असा की काहीही उघडण्याआधी ते आत्ता कसं आहे ते लिहायचं. ब्राउझरमधल्या सगळ्या जुन्या मांडण्या मी वहीत उतरवल्या. चौथ्या ओळीत, पेन्सिलीने, सुरुवातीच्या पानाचा लांबलचक पत्ता. तो लिहिताना हे अक्काचं काम आहे हे मला माहीत होतं. लपवण्यात अर्थ नाही. हात थांबला नाही. अक्का गेली, तिचं पान आता कोण बघणार, असं काहीसं डोक्यात आलं असेल, तेवढंही आलं नसेल. मग साठलेल्या फायली पुसल्या. जुना ब्राउझर काढला. यंत्र बंद करून सुरू केलं. सीडी घातली. ती आत विमानासारखी फिरायला लागली आणि पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. पाऊणेक पट्टी भरली आणि लाइट गेली. आई आतून म्हणाली, "गेली का तुजी?" दोन तासांनी लाइट आली. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. आप्पा गिऱ्हाइकांना कुकरच्या शिट्ट्या दाखवत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते. "काय करायलीस गं इतका येळ?" "दुरुस्ती." "मोडू नको म्हंजी झालं."

संध्याकाळी सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या. निळं ई दाबलं, आणि डोळा मिटून उघडेपर्यंत पांढरंशुभ्र कोरं पान समोर. गोठणं नाही, करकर नाही. मी पाच वेळा उघडलं, पाच वेळा बंद केलं. फार समाधान वाटलं. त्या दोन वर्षांत मला समाधान वाटल्याचं आठवतं ते हे एकच.

आप्पा पहाटे उठत. अंघोळ, कपाळाला विभूती, मग पूजा. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते नजर न हलवता बसून राहत. लहानपणी आम्ही दोघी पडद्याआडून पाहायचो, आप्पा पापणी केव्हा हलवतात म्हणून. हलायची नाही. पूजा झाली की ते दुकानात जात. त्या वेळी फोनचा दर कमी असे आणि तार मोकळी असे. मोडेम किंचाळल्याचं मला झोपेत ऐकू यायचं. आप्पा अक्काने शिकवलेलं विसरू नये म्हणून गिरवत असतील, असं समजून मी कूस बदलायची. विचारलं कधीच नाही. विचारायची पद्धत आमच्या घरातून तोवर गेली होती.

दुरुस्तीनंतरही पहाटे मोडेम वाजत राहिलं. नऊ दिवस. मी मोजले नव्हते, अक्काने मोजले होते. हे मला पुष्कळ वर्षांनी तिच्याकडून कळलं. तिच्या पानावर भेट देणाऱ्यांचा आकडा होता ना, तो ती पुण्यात एका कॅफेत जाऊन बघायची. आमच्या दुकानाचं पान जगात दुसरं कोण बघणार? आकडा रोज एकाने वाढायचा. कोणीतरी घरी ते उघडतंय एवढं तिला कळायचं आणि त्या एकासाठी ती खालचे फोटो बदलत राहायची. मग आकडा थांबला. तिला वाटलं, यंत्र विकलं असेल. "मला वाटायचं तूच बघतेस मंगल," ती म्हणाली. मी तेव्हा तिच्या घरी तांदूळ निवडत होते. मी निवडत राहिले. ती मी नव्हते हे तिला सांगायला मला आणखी दोन भेटी लागल्या.

दहाव्या दिवशी पहाटे मला जाग आली, कारण मोडेमचा आवाज थांबून बराच वेळ झाला तरी आप्पा परतले नव्हते. पडदा सरकवला. दुकानाचं शटर बंद, आत अंधार, आणि त्या कोऱ्या पानाच्या पांढऱ्या उजेडात आप्पा स्टुलावर बसलेले. हात मांडीवर, पाठ ताठ, पूजेला बसतात तसेच. सगळ्या घागरींवर तो पांढरा उजेड पडला होता.

"इथं कायच येईना," ते न वळता म्हणाले.

"येणार नाही आप्पा. मी तसंच ठेवलंय. आता लवकर उघडतं."

"लवकर काय उघडतं? काय हाय त्याच्यात?"

"ते जुनं पान काढलं. त्याच्यानेच अडकत होतं."

"कावून काढलं?"

"सांगितलं ना, अडकत होतं. दरवेळी अर्ध्यावर..."

"अडकत नव्हतं." आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता. "येत होतं. दमानं येत होतं. तू थांबत नव्हतीस."

मी उभी राहिले. खरं तर काहीच होत नव्हतं आत. मग मी जे मला येतं ते केलं. वही आणली, चौथी ओळ काढली आणि पेन्सिलीने लिहिलेला पत्ता एकेक अक्षर बघत टाइप केला. सुरुवातीचं पान म्हणून तो परत लावला. आप्पा उठून मला स्टूल देऊ लागले, मी नको म्हणाले. एक पातेलं पालथं घालून त्यावर बसले.

दुकानाचं नाव आलं. मग नेहमीसारखं सगळं गोठलं. वाळूचं घड्याळ फिरू लागलं, डिस्क करकरू लागली. माझं बोट सवयीने लाल फुलीकडे गेलं आणि आप्पांनी नुसता तळहात वर केला. आम्ही बसलो. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. आई उठल्याचा, बादली भरल्याचा आवाज आला. मग नावाखाली दुकानाचा जुना फोटो आला आणि त्याच्या खाली एक नवी पट्टी उमटली, बोटभर रुंदीची. काळे केस. थोड्या वेळाने आणखी एक पट्टी. कपाळ. त्यावर काजळाची तीट, एका अंगाला. मग भुवया, मग डोळे. ते डोळे पूर्ण व्हायला फार वेळ लागला. एकेक रेघ वरून खाली येत होती आणि आप्पा पापणी न हलवता बसले होते. नाक. तोंड. हनुवटीवरून ओघळलेली लाळ. मांडीवर घेणाऱ्या बाईचे हात, हातात हिरव्या बांगड्या. बाईचा चेहरा फोटोत नव्हता. गरज नव्हती. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तो आमच्या चुलीचा.

सरांनी सांगितलेलं पोतं ते हे. इतके मोठे फोटो त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपत नव्हते, एवढाच बिघाड.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं.

"आधी एकटीच व्हती. मंग सैपाकघर व्हतं, मांडणीवर भांडी. आपली न्हवती, दुसऱ्या दुकानातली." आप्पांनी फोटोतल्या लेकराकडे बोट केलं. "मंग हे आलं. आता थोरलं झालंय. पयलं दिसायचं त्यापेक्षा."

आम्ही आणखी बसलो. फोटोखाली एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत. आप्पांची शाळा मराठी चौथीपर्यंतची.

"खाली काय लिव्हलंय ते?"

"नाव आहे."

"ते कळतंय मला. काय हाय?"

"गिरिजा."

त्यांनी मान हलवली. तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं असावं, कारण ओठ हलले. मग उठले आणि म्हणाले, "बंद कर आता, फोन आडकून पडलाय." शटर वर केलं. उजेड आत आला. मी लाइन तोडली, यंत्र बंद केलं, त्यावर खोळ घातली आणि पातेलं जागेवर ठेवलं.

आत गेले तेव्हा आई चुलीपुढे होती. पहिली भाकरी तव्यावर, दुसरी हातात. मी तोंड धुवायला तांब्या घेतला तोच दुकानातून नाव टाकायच्या यंत्राचा आवाज आला. इतक्या सकाळी गिऱ्हाईक येत नाही आणि आप्पा सकाळी पहिल्यांदा दुकानातल्या देवाला उदबत्ती लावल्याशिवाय भांड्याला हात लावत नाहीत, हे आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिची थाप थांबली. टर्रर्र, मोठी उसंत. टर्रर्र, मोठी उसंत. टर्रर्र. प्रत्येकात काना-वेलांटीची छोटी उसंत. मग यंत्र बंद झालं ते झालंच.

"तीनच अक्षरं," आई म्हणाली.

मी तांब्यात पाणी घेतलं.

तिने पहिली भाकरी उतरवली, हातातली तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"बरं," ती म्हणाली. "तोंड धू. भाकर गरम हाय."